कोण हे जनरल मोल्टके?

३ जुलै १८६६. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या क्योनिगग्रेट्झ गावाजवळ प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा एकमेकींना भिडल्या होत्या. दोन्ही बाजू मिळून चार लाखांहून अधिक माणूस त्या रणात उतरला होता. पावसाने शेतांचा चिखल केला होता आणि तोफांच्या धुरात पन्नास पावलांवरचे धड दिसत नव्हते. अशा वेळी प्रशियाच्या राखीव दळाचा सेनानी जनरल मानश्टाइन याच्या हाती एक लेखी हुकूम पडला. हुकूम त्याने वाचला आणि म्हणाला, हे सगळे ठीक आहे, पण हे जनरल मोल्टके कोण?

हा किस्सा पुढे जर्मनीत वर्षानुवर्षे सांगितला गेला. हुकमावर सही करणारा माणूस तेव्हा पासष्ट वर्षांचा होता आणि जवळजवळ नऊ वर्षे प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख होता. तरीही त्याच्याच सैन्यातल्या एका जनरलला त्याचे नाव नीट ठाऊक नव्हते. याला कारण होते. हेल्मुट फॉन मोल्टके याने प्रशियाच्या चाकरीत कधी बटालियन सांभाळली नव्हती की रेजिमेंट. त्याची हयात गेली होती नकाशांत, अहवालांत आणि रेल्वेच्या वेळापत्रकांत. पुढच्या पाच वर्षांत याच माणसाच्या फौजांनी ऑस्ट्रियाला नमवले, फ्रान्सच्या सम्राटाला कैद केले आणि युरोपचा नकाशा बदलून टाकला.

दोन राजांचे मीठ

मोल्टके जन्माने प्रशियाचा नव्हता. २६ ऑक्टोबर १८०० रोजी मेक्लेनबुर्गमधल्या पार्खिम या लहान गावात तो जन्मला. घराणे सरदारांचे, पण लक्ष्मी रुसलेली. वडिलांनी होल्श्टाइनमध्ये बस्तान हलवले आणि ते डेन्मार्कच्या राजाचे प्रजाजन झाले. १८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजा ल्यूबेकमध्ये घुसल्या, तेव्हा तिथले मोल्टकेंचे घर लुटले गेले. फ्रान्सची त्याची पहिली ओळख ही अशी झाली.

बाराव्या वर्षी त्याची रवानगी कोपनहेगनच्या कॅडेट शाळेत झाली. या शाळेच्या आठवणी त्याने कधी गोडीने काढल्या नाहीत. परकी भाषा, कडक शिस्त, बेताचे खाणे आणि मायेचे माणूस नाही. कमी बोलण्याची सवय तिथेच लागली असावी. तिथून तो डेन्मार्कच्या पायदळात अधिकारी झाला. पण नेपोलियनच्या बाजूने राहिल्यामुळे डेन्मार्कचे राज्य आक्रसले होते आणि त्या सैन्यात बढतीला वाव नव्हता. १८२२ मध्ये त्याने डेन्मार्कची चाकरी सोडली आणि पुन्हा तळच्या पायरीपासून सुरुवात करायची हे ठाऊक असूनही प्रशियाच्या सैन्यात नाव घातले.

१८२३ ते १८२६ अशी तीन वर्षे तो बर्लिनच्या युद्ध अकादमीत शिकला. तेव्हा कार्ल फॉन क्लाउझेवित्झ हा तिथला संचालक होता, पण शिकवण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. त्याचा युद्धावरचा जगप्रसिद्ध ग्रंथ तर त्याच्या मृत्यूनंतर निघाला. मोल्टकेला गोडी लागली ती भूगोलाची, इतिहासाची आणि भाषांची. अकादमीनंतर काही वर्षे त्याने सायलेशिया आणि पोझेनच्या मुलखात जमीन मोजत, नकाशे काढत घालवली. टेकडीचा उतार, ओढ्याचे पात्र, गाडीरस्त्याची रुंदी हे डोळ्यांनी टिपून कागदावर उतरवण्याचा हात त्याला या काळात बसला.

पगारात भागत नव्हते. म्हणून त्याने एक लघुकादंबरी लिहून छापवली. १८३२ मध्ये गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाचे जर्मन भाषांतर करण्याचे काम ७५ पौंडांना घेतले. हेतू एवढाच की स्टाफमधल्या अधिकाऱ्याला साजेसा घोडा घेता यावा. दीड वर्षात बारापैकी नऊ खंड उरकले, पण प्रकाशकाने पुस्तक काढलेच नाही आणि मोल्टकेच्या पदरात जेमतेम २५ पौंड पडले. घोड्याच्या पैशांसाठी केलेल्या या मजुरीतून एक गोष्ट मात्र कायमची मिळाली. त्याचे गद्य घासून लख्ख झाले. नेमके, आटोपशीर, विशेषणांचा सोस नसलेले. पुढे लाखो माणसांना हलवणारे हुकूम त्याने चार ओळींत लिहिले, त्याची तालीम इथे झाली होती.

निझिपचा पराभव

१८३५ मध्ये कॅप्टन झालेल्या मोल्टकेने सहा महिन्यांची रजा काढली आणि देश पाहायला तो इस्तंबूलला पोचला. ऑटोमन सुलतान दुसरा महमूद तेव्हा आपले सैन्य युरोपीय पद्धतीवर उभारत होता. सुलतानाला सल्लागार हवे होते, बर्लिनने परवानगी दिली आणि सहा महिन्यांची रजा चार वर्षांवर गेली. त्याने इस्तंबूलचा आणि बोस्फोरसच्या दोन्ही काठांचा नकाशा काढला. मग १८३८ मध्ये तो अनातोलियात तुर्की सेनापती हाफिझ पाशाच्या छावणीत दाखल झाला. फुगवलेल्या कातड्यांवर काठ्या बांधून केलेल्या तराफ्यांवर बसून त्याने तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांचे प्रवाह पाहिले. फौजेची रसद या पाण्यावरून नेता येईल का, एवढे त्याला ठरवायचे होते.

१८३९ च्या जूनमध्ये निझिप गावापाशी हाफिझ पाशाची गाठ इजिप्तच्या इब्राहिम पाशाशी पडली. इब्राहिमने समोरून हल्ला न करता बगलेने वळसा घातला. मोल्टकेने ओळखले की आता आहे त्या जागी थांबण्यात अर्थ नाही. मागे युफ्रेटिसकाठी बिरेजिकचा बंदोबस्ताचा तळ होता, तिथे जावे. पाशाने मुल्लांचा कौल घेतला. माघार घेणे नामुष्कीचे ठरेल, असे ठरले. मोल्टकेने पुन्हा पुन्हा समजावले आणि उपयोग होत नाही म्हटल्यावर सल्लागारपदाचा राजीनामा दिला. मग लढाई आलीच आहे म्हणून तोफखाना हाती घेतला. २४ जूनला काही तासांतच तुर्की फौज उधळली गेली. जबरीने भरती केलेले कुर्द शिपाई आधी पळाले. मोल्टके आणि त्याचे दोन प्रशियन सोबती घोड्यांवरून जीव वाचवून निघाले. पराभवाची बातमी इस्तंबूलला पोचण्याआधीच सुलतान वारला होता.

मोल्टके बर्लिनला परतला तो आजारी पोट, शौर्याचे पदक आणि हा एक धडा घेऊन. सल्ला कितीही अचूक असो, हुकूम देणाऱ्याने तो ऐकला नाही तर त्याची किंमत शून्य. आपला सल्ला हुकमात बदलेल अशी व्यवस्था मिळायला त्याला आणखी सत्तावीस वर्षे थांबावे लागले. तुर्कस्तानातून घरी लिहिलेली त्याची पत्रे १८४१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. प्रवासवर्णन म्हणून जर्मन वाचक आजही ती वाचतात.

रुळांकडे लागलेली नजर

१८४२ मध्ये त्याने मेरी बर्ट हिच्याशी लग्न केले. ती त्याच्या बहिणीची सावत्र मुलगी, जन्माने इंग्रज बापाची. ती सोळा वर्षांची, हा एकेचाळिशीचा. मूलबाळ झाले नाही, पण संसार सुखाचा झाला. तिला लिहिलेल्या पत्रांत हा अबोल माणूस मोकळा होतो.

याच काळात त्याने आपली साठवण रेल्वेत गुंतवली आणि बर्लिन ते हाम्बुर्ग रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर तो बसला. १८४३ मध्ये लोहमार्गाची दिशा कशी निवडावी यावर त्याने लेख लिहिला. त्या वेळी जर्मनीत रेल्वे जेमतेम काही वर्षांची होती आणि बऱ्याच जुन्या सेनानींना ती व्यापाऱ्यांची भानगड वाटत होती. मोल्टके चढ, वळणे, इंजिनाची ओढ आणि भाड्याचे हिशेब मांडत होता. मधल्या प्रदेशात वसलेल्या आणि चहूकडून शत्रू असलेल्या राज्याला प्रत्येक नवा लोहमार्ग हा लष्करी फायदाच, हे त्याचे मत तेव्हापासून पक्के झाले. राज्याने किल्ले बांधण्यापेक्षा रुळांवर पैसा घालावा, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

मधली वर्षे दरबारी नेमणुकांत गेली. रोममध्ये प्रिन्स हाइनरिखचा तो एडीसी होता. तिथेही त्याने रोमच्या परिसराचा नकाशा काढलाच. नंतर पुढे युवराज झालेल्या प्रिन्स फ्रीडरिश विल्हेल्मबरोबर तो इंग्लंडला गेला, मॉस्कोत झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या राज्याभिषेकाला हजर राहिला, पॅरिस पाहून आला. १८५७ च्या ऑक्टोबरात जनरल स्टाफची सूत्रे त्याच्याकडे आली, आधी हंगामी, मग कायम. पद भारदस्त वाटते, पण तेव्हा जनरल स्टाफ हे युद्ध मंत्रालयाच्या हाताखालचे एक खाते होते. त्याने आराखडे करावेत, मंत्र्याने ते पाहावेत आणि रणावरच्या सेनानींनी ते बाजूला ठेवावेत, असा रिवाज होता.

मोल्टकेने या खात्याची घडी नव्याने घातली. रेल्वेसाठी स्वतंत्र विभाग केला. निवडक अधिकारी वर्षातून काही दिवस प्रत्यक्ष मुलखात घोड्यांवरून हिंडवले जात. शत्रू त्या टेकडीमागे आहे, तुम्ही काय कराल, असे प्रश्न जागेवर टाकले जात आणि उत्तर लेखी, थोडक्यात मागितले जाई. स्टाफचे अधिकारी काही वर्षांनी पलटणीत परत पाठवले जात. त्यामुळे शिपायाचे पाय किती चालतात हे त्यांना कळत राही आणि प्रत्येक कोअरमध्ये एकाच पद्धतीने विचार करणारी माणसे तयार होत. हुकूम देण्याबाबत त्याचा दंडक साधा होता. वरून जेवढे सांगणे अगदीच गरजेचे आहे तेवढेच सांगावे. बाकी जागेवरच्या माणसाने ठरवावे.

वेगळे चाला, एकत्र लढा

१८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाने मिळून डेन्मार्कवर स्वारी केली. ज्या राजाचे मीठ खाऊन मोल्टके वाढला होता त्याच्याविरुद्धच प्रमुख म्हणून त्याची पहिली मोहीम निघाली. पण सरसेनापती होता ऐंशीच्या घरातला व्रांगेल, आणि त्याला स्टाफची लुडबूड नको होती. डॅनिश फौजेची माघारीची वाट तोडायची मोल्टकेची योजना होती. ती अंमलात आली नाही आणि डॅनिश निसटले. एप्रिलअखेर मोल्टकेला आघाडीवर धाडले गेले आणि २९ जूनच्या पहाटे आल्स बेटावर होड्यांतून उतरून प्रशियाने लढाईचा निकाल लावला. राजा विल्हेल्मने हे लक्षात ठेवले. २ जून १८६६ रोजी त्याने फर्मान काढले. यापुढे जनरल स्टाफचा प्रमुख राजाच्या नावाने थेट सेनानींना हुकूम देईल, मंत्र्याची मध्यस्थी नको.

त्यानंतर दोन आठवड्यांत ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले. बोहेमियाच्या सीमेकडे ऑस्ट्रियाला एकच लोहमार्ग होता, प्रशियाला पाच. मोल्टकेने पाचही वापरायचे ठरवले. परिणामी तीन प्रशियन सैन्ये चारशे किलोमीटरहून लांब कमानीत विखुरली. बर्लिनमधल्या जाणकारांनी कपाळाला हात लावला. आधी फौज एकवटायची, मग शत्रूवर चालून जायचे, ही नेपोलियनच्या काळापासूनची शिकवण होती. विखुरलेल्या तुकड्यांना शत्रू एकेक करून खातो. मोल्टकेचे गणित वेगळे होते. तीस हजारांची एक कोअर सामानाच्या गाड्यांसह एका रस्त्यावर आली की तिची लांबी एका दिवसाच्या मजलेएवढी होते. दोन-अडीच लाख माणसे एका जागी आणली तर ती ना चालू शकतात, ना खाऊ शकतात. म्हणून सैन्यांनी वेगवेगळ्या वाटांनी यावे आणि गाठ पडावी ती रणांगणातच.

हे सगळे सुरळीत पार पडले नाही. माणसे आणि घोडे तीन आठवड्यांत सीमेवर पोचले, पण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्या स्टेशनांवर तुंबल्या. पाव शिळे झाले, वैरण सडली आणि शिपायांनी बोहेमियातल्या शेतकऱ्यांच्या कोठारांवर दिवस काढले.

२ जुलैच्या रात्री जनरल स्टाफचा मुक्काम जिचीन गावात होता. अकराच्या सुमारास मोल्टकेला झोपेतून उठवून सांगण्यात आले की ऑस्ट्रियाची सगळी फौज एल्ब नदीच्या अलीकडेच उभी आहे. नदी पाठीशी घेऊन उभा असलेला शत्रू! त्याने त्याच रात्री युवराजाच्या दुसऱ्या सैन्याला निघण्याचा हुकूम लिहिला. तार चालू नव्हती. फिंकेनश्टाइन नावाचा अधिकारी अंधारात, पावसात घोडा फेकत निघाला आणि पहाटे चारला युवराजाच्या छावणीत पोचला.

दुपारपर्यंत लढाई प्रशियाच्या अंगावर येत होती. ऑस्ट्रियाचा तोफखाना सरस होता. श्वीप नावाच्या रानात प्रशियाची एक डिव्हिजन शत्रूच्या दोन कोअरना झुंजवत रक्तबंबाळ झाली. प्रशियाच्या शिपायाकडे मात्र मागून भरायची ड्रायझे बंदूक होती. आडवे पडून भरता येणारी, शत्रूच्या बंदुकीपेक्षा दुप्पट-तिप्पट वेगाने झाडता येणारी. तेवढ्या बळावर आघाडी टिकली. राजाने माघारीची तयारी काय केली आहे असे विचारले, तेव्हा इथे माघार नाही, अशा अर्थाचे उत्तर मोल्टकेने दिले. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने चिंतेत त्याच्यापुढे सिगारची पेटी धरली. मोल्टकेने सिगार नीट पारखून त्यांतली चांगली उचलली. ज्याला सिगार निवडायला सवड आहे त्याची बाजू बुडालेली नाही, असे म्हणे बिस्मार्कने त्यावरून ताडले.

तीनच्या सुमारास युवराजाच्या गार्ड पलटणींनी ऑस्ट्रियाच्या बगलेवरचे ख्लुम हे टेकडीवरचे गाव घेतले. ऑस्ट्रियाचा सेनापती बेनेडेकला आधी खरे वाटेना. संध्याकाळपर्यंत त्याची फौज एल्बपार निघाली होती. ऑस्ट्रियाची सुमारे ४४ हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. प्रशियाची नऊ हजारांच्या आसपास. पूर्ण वेढा मात्र पडला नाही. ऑस्ट्रियाच्या तोफखान्याने आणि घोडदळाने जीव देऊन माघारीची वाट उघडी ठेवली. सात आठवड्यांत युद्ध आटोपले, आणि जर्मनीत शब्द कुणाचा चालणार याचा निकाल लागला.

बक्षिसाच्या रकमेतून मोल्टकेने सायलेशियात क्रायझाऊची जहागीर घेतली. पण मेरीला ती फार दिवस लाभली नाही. १८६८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती वारली. त्याने टेकडीवर तिच्यासाठी छोटे प्रार्थनागृह बांधले, आणि त्यानंतर तो आणखी अबोल झाला. सात भाषांत गप्प बसणारा माणूस, अशी त्याची थट्टा बर्लिनमध्ये चाले.

योजना मोडणारा योजनाकार

जुलै १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा हत्यार परजलेलेच होते. १५ जुलैच्या रात्री जमवाजमवीचा हुकूम सुटला आणि अठरा दिवसांत साडेचार लाखांहून अधिक माणूस रेल्वेने फ्रान्सच्या सीमेवर उतरला. तिकडे फ्रान्सचे राखीव शिपाई आपली पलटण शोधत देशभर फिरत होते.

मोल्टके म्हणजे घड्याळाच्या काट्यावर चालणारे युद्ध, ही समजूत इथून रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. वेळापत्रक त्याला हवे होते ते शत्रू दिसेपर्यंत. शत्रूच्या मुख्य फौजेशी पहिली गाठ पडली की त्यापुढे कोणतीही योजना खात्रीने टिकत नाही, हे त्याने लिहून ठेवले आहे. ऑगस्टमध्ये त्याचा प्रत्यय रोज येत होता. सत्तरी ओलांडलेला हेकट श्टाइनमेट्झ आपले सैन्य शेजारच्या सैन्याच्या वाटेत घुसवत होता आणि स्पिखेरेनला नको तेव्हा नको तिथे लढाई लावून बसला. १८ ऑगस्टला ग्रावेलोतच्या लढाईत प्रशियाची वीस हजार माणसे पडली, फ्रेंचांची बारा हजारांच्या आसपास. सेंट प्रिव्हाच्या उघड्या उतारावर एकट्या गार्ड कोअरने आठ हजार माणसे गमावली. सांजवेळी आणखी एक कोअर पुढे लोटण्याची परवानगी दिली गेली आणि तीही वाया गेली. पुढे या युद्धाचा इतिहास लिहिताना मोल्टकेने नमूद केले की जागेवर हजर असलेल्या जनरल स्टाफच्या प्रमुखाने इतक्या उशिरा ती हालचाल होऊ द्यायला नको होती. तो प्रमुख म्हणजे तो स्वतःच.

आठवड्याने त्याची खरी कसोटी लागली. फ्रेंच मार्शल बझेनची फौज मेट्झमध्ये कोंडली गेली होती आणि उरलेल्या जर्मन सैन्यांनी पॅरिसकडे कूच केले होते. २५ ऑगस्टला वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून सुगावा लागला की दुसऱ्या फ्रेंच फौजेचा सेनानी मॅकमहॉन उत्तरेकडून वळसा घालून बझेनला सोडवायला निघाला आहे. बातमी खरी की हूल, याची खात्री नव्हती. लाखो माणसांची तोंडे पश्चिमेकडे, त्यांच्या रसदीच्या वाटाही तिकडेच आखलेल्या. मोल्टकेने त्या रात्रीच सैन्य उजवीकडे, उत्तरेला वळवायला काढले. वनराईतल्या अरुंद वाटांवरून गाड्याघोड्यांसह ते काटकोनात वळले, आणि १ सप्टेंबरला मॅकमहॉनची फौज सेदानच्या खळग्यात चहूकडून वेढली गेली.

त्या रात्री दोंशेरी गावात फ्रेंच जनरल विंप्फेन अटी सैल करून मागत होता. मोल्टके बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने आकडे मांडले. तुमच्याकडे ऐंशी हजार माणसे आणि दोन दिवसही न पुरणारे अन्न. माझ्याकडे दोन लाख चाळीस हजार माणसे आणि पाचशे तोफा. खात्री हवी तर तुमचा अधिकारी पाठवा, त्याला आमच्या जागा दाखवतो. दुसऱ्या दिवशी फौज शरण आली. पकडलेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेली आणि त्यांत खुद्द सम्राट तिसरा नेपोलियन होता.

युद्ध मात्र संपले नाही. पॅरिसमध्ये प्रजासत्ताक उभे राहिले, नव्या सरकारातला गांबेत्ता बलूनमधून पॅरिसच्या जर्मन वेढ्याबाहेर निसटला आणि नव्या फौजा उभारू लागला. गावोगावचे बंदूकधारी जर्मन रसदीवर छापे घालू लागले आणि जर्मनांनी गावे जाळून उत्तर दिले. मोल्टकेच्या शास्त्रात या युद्धाला जागा नव्हती. त्याच्या मते शत्रूची फौज मोडली की शत्रू संपला. इथे देशच लढत होता. त्याची शांत बुद्धी इथे कठोर झाली. फ्रान्सला इतके ठेचावे की पुन्हा उठणार नाही, असे तो म्हणू लागला. बिस्मार्कला मात्र तिसरे कुणी मध्ये पडण्याआधी तह हवा होता. पॅरिसवर तोफा कधी डागायच्या यावरून दोघांत इतकी जुंपली की जानेवारीअखेर राजाला लेखी बजावावे लागले की लष्करी बाबी बिस्मार्कला कळवल्या गेल्या पाहिजेत. २८ जानेवारी १८७१ ला पॅरिस शरण आले. राजकारण युद्धाच्या आधी आणि नंतर, मधला काळ सेनापतीचा, ही मोल्टकेची धारणा. जर्मनीला ती पुढे फार महाग पडली.

शेवटची दोन भाषणे

तो काउंट झाला, फील्ड मार्शल झाला, संसदेत निवडून आला. कायमची शांतता हे स्वप्न आहे, आणि तेही सुंदर नाही, असे त्याने १८८० मध्ये एका कायदेपंडिताला लिहिले. शत्रू तयार होण्याआधीच त्याला गाठावे, असा सल्ला त्याने बिस्मार्कला एकदा नव्हे, अनेकदा दिला, आणि बिस्मार्कने तो मानला नाही. त्याच वेळी तो शिकतही होता. फ्रान्सने नवे किल्ले बांधल्यावर त्याने आराखडा पालटला. दोन्हीकडून युद्ध आलेच तर पश्चिमेला बचाव, पूर्वेला रशियावर मर्यादित चढाई आणि मग वाटाघाटी. पूर्ण विजयाची आशा त्याने त्यातून काढून टाकली होती.

१८८८ मध्ये त्याने पद सोडले. १४ मे १८९० रोजी संसदेत नव्वदीला टेकलेला मोल्टके उठला आणि म्हणाला की राजांची आटोपशीर युद्धे सरली, आता येतील ती राष्ट्रांची युद्धे. त्यांतले एखादे सात वर्षे चालेल, कदाचित तीस. युरोपला काडी लावणाऱ्याची खैर नाही. पुढच्या मार्चमध्ये तो शेवटचा बोलला, तो विषय होता घड्याळांचा. जर्मनीत तेव्हा पाच वेगवेगळ्या वेळा चालत होत्या. फुटलेल्या जर्मनीचे हे उरलेले अवशेष पाडून टाका, सगळ्या देशाला एकच वेळ द्या, असा त्याने आग्रह धरला. पाच आठवड्यांनी, २४ एप्रिल १८९१ रोजी तो बर्लिनमध्ये वारला. १ एप्रिल १८९३ पासून जर्मनीत एकच वेळ लागू झाली.

आणखी एक गोष्ट मागे राहिली. १८८९ च्या ऑक्टोबरात एडिसनचा माणूस फोनोग्राफ घेऊन क्रायझाऊला आला होता. मोल्टकेने त्यात गटेच्या आणि शेक्सपियरच्या ओळी म्हटल्या. ती नळकांडी अमेरिकेत सापडली आणि २०१२ मध्ये त्यांवरचे आवाज ओळखून जाहीर करण्यात आले. आज ऐकायला मिळणाऱ्या मानवी आवाजांत १८०० साली जन्मलेल्या या माणसाचा आवाज बहुधा सर्वांत आधीच्या जन्माचा ठरतो. आयुष्यभर न बोलल्याबद्दल ओळखला गेलेला माणूस असा कानी उरला.

पुतण्याचे उत्तर

मोल्टकेचा जनरल स्टाफ सगळ्या जगाने उचलला. जपानने मेजर याकोब मेकेलला १८८५ मध्ये टोकियोला बोलावून घेतले आणि त्याच्या शिष्यांनी १९०५ मध्ये रशियाला हरवले. खुद्द जर्मनीत काय झाले? त्याच्यामागे काही वर्षांतच पुन्हा पश्चिमेला चढाई, पुन्हा संपूर्ण विजय, आणि त्यासाठी दिवसादिवसाचे बांधलेले वेळापत्रक आले. रशियाकडे वळायचा जो पर्यायी आराखडा दरवर्षी तयार होई तो १९१३ मध्ये बंदच करण्यात आला. तेव्हा जनरल स्टाफचा प्रमुख होता मोल्टकेचाच पुतण्या, नावानेही हेल्मुट.

पहिले महायुद्ध पेटत असताना, १ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी बर्लिनच्या राजवाड्यात लंडनहून तार आली. फ्रान्स बाहेर राहील अशी आशा तिच्यातून दिसत होती. कैसर दुसरा विल्हेल्म म्हणाला, मग सगळी फौज पूर्वेला वळवू. धाकट्या मोल्टकेने सांगितले की हे होणे नाही. लाखो माणसांची वाहतूक ऐन वेळी फिरवता येत नाही. त्यावर कैसर म्हणाला, तुमच्या काकांनी मला वेगळे उत्तर दिले असते. हे बोलणे धाकट्या मोल्टकेच्या मनाला फार लागले. त्याने स्वतःच ते लिहून ठेवले आहे. तारेतला गैरसमज काही तासांतच उघड झाला आणि गाड्या पश्चिमेकडे सुटल्या. युद्धानंतर जर्मन स्टाफच्या रेल्वे विभागातल्या एका अधिकाऱ्याने पुस्तकच लिहिले की फौज वळवता आली असती.

कैसरचा टोला राजकारण म्हणून पोरकट असेल, इतिहास म्हणून तो खरा होता. काकाने १८७० मध्ये वर्तमानपत्रातल्या बातमीवरून एका रात्रीत सैन्य वळवले होते आणि म्हातारपणी आपलाच पश्चिमेचा आराखडा रद्द केला होता. वेळापत्रक बनवणे त्याच्या शिष्यांनी शिकून घेतले. ते केव्हा फाडायचे हे मात्र शिकले नाहीत. फौज मार्न नदीवर अडली आणि १४ सप्टेंबर १९१४ रोजी, युद्धाला सहा आठवडे झाले असताना, धाकट्या मोल्टकेच्या हातून सूत्रे काढून घेण्यात आली. युद्ध त्यानंतर चार वर्षांहून अधिक चालले.